मूळ प्रतीबरहुकूम

ताई, तेराव्यापर्यंत घरात माणसांची इतकी ये-जा होती की तुझ्याशी बोलायला सवड झाली नाही. आज सगळे आपापल्या घरी गेले. हे दुपारचे आत झोपलेत आणि मी तुझ्या खुर्चीत वही घेऊन बसले आहे. तुला काही सांगायचं म्हणजे लिहूनच सांगायचं, ही सवय जुनी. फरक इतकाच की या वेळी तू लाल पेन घेऊन माझं लिखाण तपासणार नाहीस. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं मी, पण तुझ्या पेनापुढे माझी कधी डाळ शिजली नाही.

सोसायटीच्या फळ्यावर तुझ्या जाण्याची सूचना लागली. लिहिलं होतं, ‘मूकबधिर असूनही श्रीमती कुमुदताई यांनी...’ मी खाली गेले, ‘मूक’ हा शब्द पुसून टाकला आणि खडूनं तिथे ‘कर्ण’ लिहिलं. पुढचं ‘असूनही’ही पुसलं. तू मूक कधीच नव्हतीस. तुझ्याइतकी बोलकी बाई आपल्या घराण्यात झाली नाही. तुझी भाषा आम्हाला येत नव्हती, त्याला तू काय करणार?

मी सात वर्षांची होते आणि तू अकरा, तेव्हापासून मी तुझी दुभाषी. कोणी नेमलं, कोणी विचारलं, काही नाही. आईनं एकदा ‘विजू, ताईला सांग’ म्हटलं आणि ते काम मला चिकटलं. तुझ्या शाळेत ओठ वाचायला शिकवायचे आणि हात हलवले की हातावर पट्टी बसायची. त्यामुळे घरात आपल्या दोघींच्या जेमतेम शंभर खुणा होत्या: जेवण, पाणी, बाहेर चाललो, बाबा रागावलेत. तेवढ्या भांडवलावर मी पंचावन्न वर्षं तुझं बँकेतलं, डॉक्टरांकडचं, लग्नकार्यातलं सगळं बोलणं चालवलं. पाहुणे दोन तास गप्पा मारायचे, तू माझ्याकडे बघायचीस आणि मी खूण करायचे, नंतर सांगते. नंतर सांगायचे ते एका ओळीत: सगळं ठीक आहे, मजेत आहेत. तुला ते पटायचं नाही, हे मला दिसत होतं. दिसूनही मी तेच करत राहिले.

तुझं खरं बोलणं मंडळात चालायचं. शनिवारी संध्याकाळी तुम्ही सगळे कर्णबधिर मित्रमैत्रिणी जमायचात आणि तिथे तुझे हात असे चालायचे की मला त्यातलं काही कळायचं नाही. मला वाटायचं, ही गंमत म्हणून चाललीय. ती एक पुरती भाषा आहे, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

आणि तुझं दुसरं राज्य म्हणजे छापखाना. पेठेतल्या त्या छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटानं बाकीच्यांची डोकी उठायची, तू मात्र शांतपणे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत असायचीस. तुझे मालक सांगायचे की कुमुदताईंच्या हातून मूळ कॉपीत नसलेला शब्द कधी आला नाही आणि असलेला कधी गळला नाही. लेखकानं चूक लिहिली असली तरी खिळे त्याच्याच शब्दाचे लावायचे आणि समासात प्रश्नचिन्ह करून त्याला विचारायचं, हा तुझा नियम. सुधारून टाकायचं नाही. विचारायचं. मी या नियमाचं शाळेत मुलींना कौतुक सांगायचे आणि घरी येऊन नेमकं उलटं करायचे.

आपल्या इमारतीचं पुनर्विकासाचं घोडं एकदाचं गंगेत न्हायची वेळ आली तेव्हाची गोष्ट. सेक्रेटरी जिन्यात भेटले. नव्या इमारतीत कुमुदताईंना सहाव्या मजल्यावर, मागच्या बाजूला, तुमच्या शेजारीच फ्लॅट देतोय, चालेल ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, न चालायला काय झालं, लिफ्ट आहे, हवा आहे, आम्ही शेजारी आहोत. मला खरंच वाटलं की मी तुझं भलं केलं. संध्याकाळी तुला सांगायचं डोक्यात होतं. मग पाहुणे आले, मग दळण आणायचं होतं आणि मग ते राहून गेलं.

पंधरा दिवसांनी सगळ्या सभासदांच्या नव्या फ्लॅटांची यादी आणि ती मंजूर करायच्या सभेची तारीख फळ्यावर लागली. फळ्यावरचं अक्षर न् अक्षर वाचणारी आपल्या इमारतीत तू एकटीच. तू ती यादी तशीच काढून माझ्या स्वयंपाकघरात घेऊन आलीस आणि तुझ्या नावापुढच्या रकान्यावर बोट ठेवलंस. तिथे लिहिलं होतं, ‘तोंडी संमती, भगिनीमार्फत.’

तू खुणेनं विचारलंस, कधी?

आणि ताई, माझे हात आपोआप वर गेले. मी खूण केली, नंतर सांगते.

तू ओट्यावरची माझी वाणसामानाची वही ओढलीस आणि लिहिलंस, “आता सांग.” मी सांगितलं. तू तुझ्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीबद्दल लिहिलंस. ती गल्लीवर उघडते. शनिवारी मंडळातली माणसं समोरच्या फुटपाथवर, स्कूटरींच्या रांगेशी उभी राहतात आणि तुझ्याशी अर्धा अर्धा तास बोलतात. त्यांना बेल वाजवावी लागत नाही, जिना चढावा लागत नाही. शेजाऱ्यांना आधी वाटायचं की भांडणं चाललीत. सहाव्या मजल्यावर, मागच्या बाजूला, तुझ्याशी कोण बोलणार होतं? कबुतरं? हे ‘कबुतरं’ तूच लिहिलं होतंस. खाली आणखी दोन वाक्यं होती: “सभेला मी जाणार. मला दुभाषी हवा, तू नको.”

मला फार लागलं. पंचावन्न वर्षांची नोकरी आणि एका महिन्याची नोटीससुद्धा नाही, असं मी यांच्यापाशी म्हणालेही. हे म्हणाले, पगार नव्हता तेव्हा नोटीस कसली. तुझी बाजू घेणारा माणूस मला नवरा म्हणून मिळाला हे माझं नशीब.

दुभाषी शोधायचा म्हणजे फोन करायचे आणि फोन करायचे म्हणजे मीच. हा विनोद आपल्या दोघींनाही कळला, हसलो मात्र नाही. तुझ्या मंडळातून तीन नावं आली. मी स्थळं बघावीत तशी चौकशी केली: शिक्षण काय, प्रमाणपत्र आहे का, राहता कुठे. तिघांनाही एकाच रविवारी बोलावलं आणि पोहे केले.

परीक्षा कशी घ्यायची ते तू आधीच ठरवलं होतंस. सेक्रेटरी बोलतात तसं काहीतरी कुजकं वाक्य मी चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. ते मोठ्यानं म्हणायचं. दुभाष्यानं ते तुला हातांनी सांगायचं आणि तुला जे समजलं ते तू दुसऱ्या चिठ्ठीवर लिहायचंस. मग दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या, मूळ कॉपी आणि प्रूफ. दुभाषी असा निवडायचा, हे तुझ्याशिवाय कोणाला सुचलं असतं?

पहिले गृहस्थ आले ते मला बघताक्षणी पसंत पडले. इस्त्रीचा सदरा आणि रेडिओवर शोभावा असा आवाज. मी माझं वाक्य म्हटलं, “ताईंना सभेतलं काय कळणार? त्यांनी आपली सही करावी आणि पोह्यांचं बघावं.” त्यांचे हात फार सुंदर चालले. तुझ्या चिठ्ठीवर आलं, ‘बहीण म्हणते सभेला या, सही करा, पोहे आहेत.’ तू अगदी गंभीर चेहऱ्यानं त्यांना पोहे वाढलेस.

दुसऱ्या बाई प्रेमळ होत्या. त्यांना प्रेमच जास्त. सारखा तुझा हात थोपटत होत्या आणि तुझ्याबद्दलचे प्रश्न मला विचारत होत्या. माझं वाक्य दोन ओळींचं, तुझं प्रूफ सहा ओळींचं निघालं. बहीण दमलेली आहे, मनाला लावून घेऊ नका, सही करण्याआधी घरच्यांशी बोला, असं बरंच काही. तू खाली शेरा मारलास, ‘कॉपीपेक्षा प्रूफ मोठं.’

तिसरी शीतल. धायरीहून स्कूटरवर आली. अंगात साधा काळा कुर्ता, त्यावर एक फूल नाही. पहिल्यांदा कोणाच्या घरी जाताना काळं घालतात का, असं माझ्या मनात आलं. साध्या काळ्यावर हात स्पष्ट दिसतात म्हणून ती तो घालते, हे मला फार पुढे कळलं. तिनं बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या, खुर्ची तुझ्या शेजारून उचलून माझ्या शेजारी आणली, म्हणजे तुला आम्ही दोघी एकदम दिसू. पोहे पुढे केले तर म्हणाली, आधी काम, हात मोकळे लागतात. तिचे आईवडील दोघंही कर्णबधिर. वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे. “मला बोलाया यायच्या आधी हात चालवाया आलं,” असं म्हणाली.

मी यांच्याकडे झुकले आणि अगदी हळू म्हटलं, “ऐकलंत? ताईच्या तोंडी ही भाषा? सेक्रेटरी हसतील.”

शीतलचे हात हलायला लागले. तू आधी तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. ते सांगायचं नव्हतं, असं मी तिला म्हटलं. तिनं तेही तुला सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “काकू, खोलीत बोललेलं सगळं मावशींना कळाया पाहिजे. न्हाईतर मी आले कशाला?”

माझी चिठ्ठी उलगडलीच नाही. तू तुझ्या चिठ्ठीवर लिहिलंस, ‘तिची भाषा ऐकून सेक्रेटरी हसतील अशी बहिणीला भीती.’ शब्द वेगळे होते, टोमणा पुरा होता. जो टोमणा तिला स्वतःला मारला होता तोही तिनं गाळला नव्हता. खाली तू एकच शब्द लिहून अधोरेखित केलास, ‘हीच.’

त्यानंतर आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. मी लिहिलं की लोकांना तुझ्या तोंडून ‘हाय’ आणि ‘न्हाई’ ऐकू येणार, तुला अडाणी समजतील. तू सदाशिव पेठेत वाढलीस, तुझं वाचन एवढं. तू उत्तर दिलंस, “तुला तिचा आवाज ऐकू येतो. मला तिचे हात दिसतात. सभा माझी आहे.” मी पुन्हा लिहिलं, तू पुन्हा लिहिलंस, वाणसामानाची ती वही संपली. शेवटी मी लिहिलं की तुझा आवाज माझ्या आवाजासारखा असता. त्यावर तू वही मिटलीस. आता वाटतं, मला कसं माहीत? तुझा आवाज कसा असता हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं, त्या सहाव्या मजल्यासारखंच.

सभा खालच्या पार्किंगमध्ये होती. शीतल सेक्रेटरींच्या शेजारी उभी राहिली आणि तू पहिल्या रांगेत समोर बसलीस. सेक्रेटरी तिला म्हणाले की बाईंना सांगा, विषय क्रमांक चार. शीतल म्हणाली, त्यांनाच सांगा, त्या समोर बसल्यात. लोक हसले. आणि मग तू उठलीस, तुझे हात सुरू झाले आणि त्या धायरीच्या आवाजात माझी ताई बोलायला लागली.

“मी पहिल्या मजल्यावर, गल्लीच्या बाजूला राहणार. माझी माणसं गल्लीत उभी राहून माझ्याशी बोलत्यात. तुम्ही फोनवर बोलता, मी खिडकीत बोलते. माझी हरकत न्हाई असं माझ्या बहिणीनं सांगितलं. तिनं मला इचारलं न्हवतं.”

सगळे माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. सेक्रेटरी मान वाकडी करून त्यांच्या नेहमीच्या सुरात म्हणाले की आम्हाला वाटलं, घरातल्या घरात विचारपूस झाली असेल. आता आम्ही बहिणी-बहिणींच्या मध्ये कुठे पडायचं? हे पुण्यातलं सभ्य वाक्य. एरवी मी ते तुला सांगितलंच नसतं. शीतलनं त्यातली वाकडी मानसुद्धा तुझ्यापर्यंत पोचवली. तू तिळमात्र न डगमगता उत्तर दिलंस.

“तुम्ही बी मला इचारलं न्हाई. मी रोज तुमच्या दारावरनं जाते.”

कोणी हसलं नाही, ताई. भाषेला तर नाहीच. पहिला मजला मिळालेल्या समोरच्या डॉक्टरांना वरचा मजला हवाच होता, त्यामुळे अदलाबदलीला दहा मिनिटं लागली. इतिवृत्तात तुझं म्हणणं तुझ्या नावानं लिहिलं गेलं आणि ‘भगिनीमार्फत’ हे शब्द खोडले गेले. ते इतिवृत्त मी नंतर वाचलं. माझ्या आयुष्यात अभिमानानं ऊर भरून यावा असे प्रसंग मोजकेच आहेत. त्यातला सगळ्यात मोठा तो, ज्यात माझीच चारचौघांत शोभा झाली.

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आठ दिवस मी तुझ्याकडे फिरकले नाही. नवव्या दिवशी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा पाठवला. चुकलं असं म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही, थालीपीठ पाठवायची आहे. तू ते खाल्लंस आणि रिकामा डबा न धुता परत पाठवलास. म्हणजे राग अजून होता. मला त्याचंसुद्धा बरं वाटलं, कारण तो राग तू कोणामार्फत नाही, थेट कळवलास.

नवी इमारत उभी राहिली आणि नव्या खिडकीत तू तीन वर्षं बसलीस. त्या तीन वर्षांत शीतल तुझ्याबरोबर बँकेत गेली, पेन्शनच्या कचेरीत गेली, एकदा भाचीच्या लग्नात गुरुजींचं सगळं लांबलचक बोलणंही तिनं तुला सांगितलं आणि तू मांडवात जांभया देत बसलीस. इतकी वर्षं आपलं काय काय हुकलं म्हणून हळहळत होते, तेही फारसं नव्हतंच, असं तू मला नंतर लिहून दाखवलंस. पेठेत कोणाला दुभाषी हवा असला की लोक तुझ्याकडे यायचे आणि तू त्यांना दोन कोऱ्या चिठ्ठ्या द्यायचीस.

शेवटी दवाखान्यात डॉक्टर सवयीनं माझ्याकडे आले. तुमच्या बहिणीबद्दल जरा बोलायचंय, बाहेर या, म्हणाले. मी म्हटलं, तिच्याबद्दलचं तिच्याशी बोला, दुभाषी वाटेत आहे. हे वाक्य मी न अडखळता म्हटलं, याची नोंद घे. शीतल आली. तू मला खूण केलीस, बाहेर जा. डॉक्टर वीस मिनिटांत निघाले. शीतल मात्र आणखी तासभर आत होती आणि पडदा ओढलेला होता. बाहेरच्या बाकावर बसून मी विचार करत होते की पडद्याआड काय चाललं असेल. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

गेल्या आठवड्यात मी शीतलला विचारलं. सरळ विचारलं, ताई शेवटी काय बोलली? माझ्याबद्दल काही? तिचे डोळे भरले होते. मग म्हणाली, “काकू, ते मावशींचं बोलणं हाय. मी कसं सांगू?” मी रडले, चिडले, पुन्हा विचारलं. तिनं नाही म्हणजे नाहीच सांगितलं. ती गेल्यावर मी तोंड धुतलं आणि मनात म्हटलं, ताई, माणूस तू चोख निवडलास. मला ते कधीच कळणार नाही याचं दुःख आहे आणि तुझं गुपित इतक्या पक्क्या जागी आहे याचं समाधानही आहे. दोन्ही एकदम वाटतं.

काल तुझ्या मंडळात तुझ्यासाठी सभा होती. चाळीसएक माणसं आणि कुठे आवाज नाही. तिथे भाषा न येणारी मी एकटी, म्हणून शीतल माझ्या शेजारी बसून सगळं मला सांगत होती. तुझे मित्र शरदराव बोलायला उभे राहिले. सोसायटीच्या सभेनंतरच्या शनिवारी तू त्यांना सगळी हकीकत सांगितली होतीस म्हणे. बहिणीनं दगा दिला, असं कोणीतरी म्हणालं. त्यावर तू म्हणालीस, दगा नाही, चूक केली. पण ती मान खाली घालून शेवटपर्यंत बसून राहिली, उठून गेली नाही, तिच्या जागी मी असते तर उठून गेले असते.

मग त्यांनी मला बोलायला सांगितलं. शीतल उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. दहा दिवस मोबाइलवर बघून बघून मी एकच वाक्य शिकले होते. ताई, मी तुला न विचारता बोलले, माझी चूक झाली. मी ते केलं. चाळीस माणसं माझ्या हातांकडे बघत होती आणि एकालाही काही समजलं नाही.

शरदराव पुढे आले. त्यांनी माझा उजवा हात धरला, वाकलेलं बोट सरळ केलं, मनगट थोडं वर उचललं आणि मान हलवून सुचवलं, पुन्हा. मी पुन्हा केलं. त्यांनी डावा हातही नीट केला. पुन्हा. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि मला कळलं की पोचलं. शीतल शेजारीच बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून.